केसांचा बग आणि गमीचा पॅच

शनिवार सकाळ, चहाचा कप, आणि आठवडाभर डोक्यात साठलेला राग. यावेळचा राग डोक्यावरच्या गोष्टीबद्दल आहे, म्हणजे केसांबद्दल. विषय बायकांचा आहे म्हणून पुरुष वाचकांनी लगेच पळ काढू नये. तुमच्याही घरात आई, बहीण, बायको आहे आणि बाथरूमच्या जाळीत अडकलेलं गुंतवळ कधीतरी तुम्हीच नाक मुरडत काढलेलं असणार!

नमनाला घडाभर तेल नको (तेलाचा विषय आहे म्हणून तर मुळीच नको). मुद्दा आधीच सांगून टाकते. केस विरळ व्हायला लागले की रक्त न तपासता बायोटिनच्या गोळ्या, 'हेअर गमी' आणि 'हेअर-स्किन-नेल्स' कॅप्सूल सुरू करणं हा खुळेपणा आहे. आणि आपल्याला तो खुळेपणा दरमहा सबस्क्रिप्शनवर विकणं ही लबाडी आहे. मधल्या मध्ये जो खरा आजार असतो तो तसाच राहतो.

मी राहते खोपोलीत, नोकरी ऐरोलीला. खोपोली लोकलने कर्जत, कर्जतहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बर. जाऊन-येऊन साडेचार-पाच तास. त्यामुळे लेडीज डबा हे माझं दुसरं घर आहे, आणि रिसर्च लॅबसुद्धा. गेल्या दोनेक वर्षांत डब्यातल्या गप्पांचा नंबर एकचा विषय कुठला असेल, तर "अगं, माझा भांग बघ ना किती रुंद झालाय". नेरळला चढणारी बँकेतली, भिवपुरीला चढणारी टेस्टिंगवाली, पळसदरीची कॉलेजकन्या, सगळ्यांची वेणी बारीक झालीये. आणि सगळ्यांच्या पर्समध्ये एक बाटली आहे. पाचशे-सातशेची गुलाबी झाकणाची बाटली, चवीला स्ट्रॉबेरी. ऑफिसात आमच्या फ्लोअरवर गेलात तर मॉनिटरशेजारी तीच बाटली.

एकीलाही विचारा, "हिमोग्लोबिन किती आहे तुझं?" उत्तर एकच. "काय माहीत! कॉलेजात असताना केलं होतं कधीतरी."

प्रॉडक्शनमध्ये सिस्टीम बंद पडली तर आपण काय करतो? आधी लॉग बघतो. लॉग न बघता, रूट कॉज न शोधता कोणी सरळ पॅच टाकला तर मॅनेजर त्याला कॉन्फरन्स रूममध्ये नेऊन सोलतो. पण स्वतःच्या शरीराच्या बाबतीत हेच आपण इंजिनियर लोक बिनधास्त करतो. लॉग बघायचा नाही आणि पॅच मात्र इन्स्टाग्रामवर बघून टाकायचा. वा!

आधी केस कसे गळतात ते समजून घेऊ

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात आणि थोडे विश्रांती घेत असतात. वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा, विश्रांतीचा साधारण तीन महिन्यांचा. विश्रांती संपली की केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हा नेहमीचा हिशोब आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता समजा शरीराला मोठा धक्का बसला. डेंग्यू झाला, बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, किंवा लग्नाआधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे म्हणून बाईसाहेब काकडीवर राहिल्या. शरीर कंजूष गृहिणीसारखं वागतं. हृदय, मेंदू, यकृत यांना आधी, केसांना नंतर. मग एकदम खूप केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात.

हा दोन-तीन महिन्यांचा फरक नीट लक्षात ठेवा, सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे. आज केस गळतायत म्हणजे जे काही बिघडलं ते तीन महिन्यांपूर्वी डिप्लॉय झालं होतं. आणि धक्का एकदाच बसून गेला असेल तर पुढच्या सहा-आठ महिन्यांत केस आपले आपणच परत येतात. काही न करता! आता या सहा महिन्यांत तुम्ही गमी खाल्ल्या, तर श्रेय कोणाला मिळणार? अर्थात गमीला. "माझ्या नणंदेला खूप फरक पडला गं" या वाक्यामागचं गणित बऱ्याच वेळा एवढंच असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

बायोटिन नावाचा महापुरुष

बाटलीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात नाव असतं बायोटिनचं. ब गटातलं जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला ते दिवसाला किती पुरतं? अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ३० मायक्रोग्रॅम. आणि दुकानात मिळणाऱ्या गोळीत किती असतं? अनेक गोळ्यांमध्ये १०,००० मायक्रोग्रॅम. तीनशे पटींहून जास्त! अंडी, शेंगदाणे, डाळी, भाज्या अशा साध्या जेवणातून ३० मायक्रोग्रॅम सहज मिळतात. बायोटिनची खरी कमतरता हा दुर्मिळ प्रकार आहे. काही जन्मजात आजारांत, फिट्सच्या काही औषधांमुळे, किंवा महिनोन् महिने कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाल्ल्याने ती होते. आपल्या डब्यातली कोण बाई कच्ची अंडी फोडून पितेय?

२०१७ मध्ये या विषयावरच्या वैद्यकीय अहवालांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. बायोटिनने केस किंवा नखं सुधारल्याची नोंद असलेले रुग्ण सापडले फक्त १८. आणि या अठराही जणांना आधीपासून काहीतरी आजार होता ज्यात बायोटिनचा उपयोग होणं समजण्यासारखं होतं. धडधाकट माणसाचे केस बायोटिनने दाट होतात याला पुरावा नाही. एवढ्या भांडवलावर हा बाजार उभा आहे.

"बरं, फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय? जास्तीचं लघवीतून निघून जातं ना!" हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलंय. तर तोटा ऐका. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांच्या किटमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात बायोटिनचा पूर आला की तपासणी चुकते. थायरॉइडचा रिपोर्ट असा येऊ शकतो की थायरॉइड जास्त काम करतंय असं वाटावं, आणि प्रत्यक्षात तसं काही नसतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल जाहीर इशारा दिला. हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणी बायोटिनमुळे चुकीची कमी येऊ शकते, आणि अशा चुकीच्या रिपोर्टनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यांच्याकडे आली होती.

गंमत बघा. बाईचे केस गळतात, थायरॉइड हे त्याचं एक नेहमीचं कारण, आणि बायोटिन बिघडवतं थायरॉइडचीच तपासणी. पॅचने बग तर सुटला नाहीच, वर मॉनिटरिंग टूल पण खोटं बोलायला लागलं!

बुलढाण्यात काय झालं होतं?

आता थोडं लांब जाऊ. डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस गळायला लागले. गळायला म्हणजे कंगव्यात चार जास्त असे नाही. डोकं खाजायचं, केस खरखरीत व्हायचे आणि हात फिरवला की झुपका हातात. तीन-चार दिवसांत टक्कल! म्हातारे, पोरं, बायका, सगळे. बातम्यांमधला आकडा १८ गावांत २७९ जणांपर्यंत गेला. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला, कोणी बुरशीला. लाजेने काहींनी उरलेलं डोकंही भादरून घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये आयसीएमआरची पथकं आली, नमुने घेऊन गेली.

आणि मग या प्रकरणात एक रायगडकर उतरले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर करून कोकणातल्या असंख्य लोकांचे जीव वाचवणारे, २०२२ चे पद्मश्री. त्यांनी गावांत जाऊन लोकांच्या जेवणातला गहू तपासायला घेतला. त्यांचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये बातम्यांत आला. रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम होतं किलोला सुमारे १४.५ मिलिग्रॅम, तर नेहमीचं प्रमाण ०.१ ते १.९ मिलिग्रॅम. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट वाढलेलं, आणि झिंक कमी. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यावरून वादही झाले. पण जास्त सेलेनियम पोटात गेलं की केस आणि नखं जातात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार आधीपासून माहीत आहे.

आता तुमची ती गुलाबी बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बायोटिन, झिंक, जीवनसत्त्व अ, आणि... सेलेनियम! केसांसाठीच्या कित्येक गोळ्यांत ते असतं. थोडं सेलेनियम शरीराला लागतं, हे खरं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, आणि वरची मर्यादा ४००. पण "थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं" हा नियम मिठाला लागू नाही तसा सेलेनियमलाही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ सप्लिमेंटमध्ये लेबलवर लिहिलेल्या २०० मायक्रोग्रॅमच्या जागी ४०,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम निघालं. कारखान्यातली चूक. २०१ लोकांना विषबाधा झाली, बऱ्याच जणांचे केस गळले, नखं खराब झाली. तब्येत सुधारावी म्हणून पैसे मोजून घेतलेलं औषध! जीवनसत्त्व अ चंही तसंच, ते जास्त झालं तर केस गळतात. म्हणजे केस वाचवायला घेतलेल्या तीन वेगवेगळ्या बाटल्या मिळून केस घालवू शकतात.

बुलढाण्याच्या लोकांना पर्याय नव्हता. रेशनवर जो गहू मिळाला तो त्यांनी खाल्ला. आपण मात्र स्वतःच्या क्रेडिट कार्डाने, ईएमआय भरल्यासारखं, काय आहे ते न बघता पोटात ढकलतोय.

"पण सरकारची परवानगी असते ना?" असते, पण कशाची ते बघा. आपल्याकडे ही सप्लिमेंटं औषध म्हणून विकली जात नाहीत, अन्न म्हणून विकली जातात, एफएसएसएआयच्या नियमांखाली. नव्या औषधाला जसं "हे रोग्यावर चालतं" असं चाचण्यांनी सिद्ध करावं लागतं, तसं गमीला करावं लागत नाही. त्या हिरव्या लोगोचा अर्थ 'शाकाहारी' एवढाच आहे. 'उपयोगी' असा नाही.

मग कमी काय आहे?

खरी कमतरता कशाची ते सांगणारा आकडा दुर्दैवाने कंटाळवाणा आहे, म्हणून त्याच्यावर रील निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के ॲनिमिक निघाल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ४८ होता. म्हणजे वाढलाय! लेडीज डब्यात तुमच्यासमोरच्या बाकावर चार जणी बसल्या असतील तर हिशोबाने त्यातल्या दोघींचं रक्त कमी आहे. सर्वसाधारण बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. आणि हिमोग्लोबिन बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा असू शकतो. साठा नेमका किती खाली गेला की केस गळतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण ॲनिमिया असलेल्या बाईने आधी केसांची गमी घ्यावी असं त्यांच्यातला कोणीही म्हणणार नाही.

आणि हे का होतं, ते आपल्या घरात बघा ना. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. दर महिन्याला रक्त जातं, म्हणून जास्त लागतं, साधं गणित आहे. प्रत्यक्षात ताटात काय पडतं? पाचची लोकल पकडणारी बाई चहा-बिस्किटावर निघते. दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी कर्जत स्टेशनवर वडापाव (कर्जतचा वडा मलाही प्रिय आहे, पण तो जेवण नव्हे). रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाला उरलेली आमटी, त्यातली डाळ आधीच्या वाढपात संपलेली. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, यांना साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च. आणि जेवणावर लगेच कडक चहा, जो पोटातलं लोह शोषूच देत नाही. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. केस म्हणजे तरी काय, जवळजवळ सगळं केराटिन, प्रथिनच. विटा आल्या नाहीत आणि गवंड्याला शिव्या!

बरं, आपण राहतो कुठे? कर्जत-खालापूर म्हणजे भाताचा मुलूख. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या नावाने तांदळाच्या जाती आहेत. भात निघाला की त्याच ओलीवर वाल येतो. थंडीत पोपटी लावून त्याचे स्टेटस टाकतो, पण वालाचं बिरडं आठवड्यातून दोनदा ताटात असतं का? सुकट, जवळा, सोडे बाजारात असतात, खाणाऱ्यांनी ते का सोडलेत? वास येतो म्हणून? नाचणी 'मिलेट कुकी' होऊन मॉलमध्ये गेली की आपण तिला ओळखतो. अंडं सात-आठ रुपयांना मिळतं. अळिवाचा लाडू बाळंतिणीपुरता ठेवलाय. पालेभाजीवर लिंबू पिळलं, जेवणात आवळा असला तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि चहा जेवणानंतर तासभर पुढे ढकलला की झालं. यातलं काही सबस्क्रिप्शनवर मिळत नाही.

पण एक सांगते. "रानभाज्या खा, केस कमरेपर्यंत येतील" असं म्हणायला लागले तर मी पण इन्फ्लुएन्सरच झाले. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी घेऊन ज्या ठाकर आणि कातकरी बायका बसतात, त्यांना रानभाज्या आपल्यापेक्षा जास्त कळतात. तरी दिवाळीनंतर घर उचलून वीटभट्टीवर जावं लागतं तेव्हा ताटात भात आणि मिरची. भाजी विकून तांदूळ घ्यायचा, हा त्यांचा व्यवहार आहे. त्यांच्या वेणीची जाडी कोणी मोजत नाही, त्यांच्यासाठी कोणी गमी बनवत नाही. ज्ञान असून पुरत नाही, ताटात पडावं लागतं. आपल्याकडे पगार आहे, फ्रिज आहे, आणि तरी आपण ताट सोडून बाटली धरतो. लाज वाटली पाहिजे थोडी.

आणि सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. २०१८ पासूनच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात बायकांसाठी आठवड्याला एक लाल गोळी आहे. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सरकारी दवाखान्यातून, आशाताईंकडून, फुकट. तिला स्ट्रॉबेरीची चव नाही, तिने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, आणि तिचा फोटो छान येत नाही. म्हणून ती 'गरिबांची गोळी'. सातशेची गमी मात्र 'सेल्फ केअर'!

तर करायचं काय?

१. बाटली बाजूला ठेवा. तपासणीच्या आधी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला सांगा. किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टर सांगतील.

२. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच करून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ पण. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा तुमच्या डॉक्टरांकडे. दोन-तीन महिन्यांच्या गमीच्या पैशात बहुतेक सगळं बसतं.

३. तीन महिने मागे जाऊन आठवा. ताप? बाळंतपण? क्रॅश डाएट? नवीन औषध?

४. लोह कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून लोह घ्या आणि ते का कमी झालं तेही शोधा. पाळीत खूप रक्त जातंय का? थॅलेसेमियाची वाहक असेल तर हिमोग्लोबिन कमी दिसतं पण साठा भरलेला असू शकतो. म्हणून लाल गोळ्यांचाही मनाने मारा नको.

५. सगळे रिपोर्ट चांगले आहेत आणि तरी भांग रुंद होतोय? मग कारण आहारात नसेल. आनुवंशिक असेल, पीसीओएस असेल. त्यावर उपचार आहेत, ते त्वचारोगतज्ज्ञ देतात आणि लवकर गेलं तर जास्त उपयोग होतो. गमी खात घालवलेलं एक वर्ष इथे महागात पडतं.

कोणी म्हणेल, "केसांवरून एवढं काय? बायकांची हौस आहे, घेऊ दे की." मला केसांच्या हौसेबद्दल काही म्हणायचंच नाही. माझा राग वेगळा आहे. ज्या बाईला जिना चढताना धाप लागते, जी "थकले गं" म्हणून रोज दरवाज्याजवळच्या कोपऱ्यात डोकं टेकवते, तिची तक्रार ना घरात कोणी ऐकत, ना ऑफिसात, ना ती स्वतः. ॲनिमियाने तिची नोकरी कठीण होते, बाळंतपण धोक्याचं होतं. पण ती दवाखान्यात जाते ती केस गळल्यावरच, कारण केस दिसतात. म्हणजे केसांच्या निमित्ताने का होईना, आयुष्यात एकदा तिचं रक्त तपासलं जायची वेळ आलेली असते. आणि नेमकी तीच वेळ ही बाटली खाऊन टाकते. अलार्म वाजत होता, आपण त्याची बॅटरी काढली.

सोमवारी डब्यात कोणी भांग दाखवला तर मी तेच विचारणार आहे. हिमोग्लोबिन किती? तुम्हीही विचारा. आणि आज रात्री जेवताना आमटीतली डाळ आधी स्वतःच्या वाटीत घ्या. बाकीचे तळातली खातील एखादा दिवस, मरत नाहीत!